ताप : नाही

सिंगापूरहून आल्यापासून कॉलनीतल्या बायका एकच विचारतात, "मॅडम, तो पाणी ओकणारा सिंह पाहिला का?" नाही पाहिला बाप्पा! बारा दिवस राहिले, पण तो सिंह, ती दिव्यांची बाग, ते जहाज डोक्यावर घेतलेलं हॉटेल, यातलं काहीएक पाहिलं नाही. फोटो दाखवा म्हणतात. माझ्या मोबाईलमध्ये एका रानडुकराचा फोटो आहे, तोही हललेला. जे पाहिलं ते चहाच्या कपावर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहून काढते आहे. बत्तीस वर्षं नागपूरच्या एका शाळेत इतिहास शिकवला. दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्यावर पोट भरलं. आता स्वतःचं लिहायचं तर हात उचलत नाही.

मी गेल्या वर्षी निवृत्त झाले. नवरा चार वर्षांपूर्वी कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. एकच मुलगी, संघमित्रा. घरात तिला मित्रा म्हणतो. नाव तिच्या बाबांचं. अशोकाची लेक बोधिवृक्षाची फांदी घेऊन समुद्र ओलांडून गेली, तशी आपलीही जाईल, असं ते नाव ठेवताना दहा माणसांत बोलले होते. विजेच्या खात्यातला माणूस, पण बोलणं असं. ती खरंच सिंगापूरला नोकरीला निघाली तेव्हा मात्र विमानतळावर हाच माणूस धाय मोकलून रडला. मी ओरडले होते त्यांना, लोक बघतात म्हणून.

तर मी मित्राकडे गेले होते. आणि माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात, घडी घालून, एक कागद होता. तो तिला दाखवायला गेले होते. बाकी सगळं निमित्त.

टॅम्पिनीस

मित्रा टॅम्पिनीसला राहते. सरकारी इमारतींचं मोठं नगर आहे हे, आपल्याकडच्या म्हाडाला न्हाऊ-माखू घालून इस्त्री केली तर दिसेल तसं. तिचा भाड्याचा फ्लॅट नवव्या मजल्यावर. पाणी प्यायला दिलं आणि लगेच थर्मामीटर पुढे केला.

"अगं, आल्या आल्या?"

"सवय आहे गं आई. एक मिनिट. तोंड उघड."

उघडलं. तिनं आकडा पाहिला, फ्रिजवर ठेवलेली वही काढली आणि लिहिलं : आई, ९८.१. त्याच्या वर तिचा स्वतःचा सकाळचा आकडा होता. त्याच्या वर कालचा. मी वही चाळली. रोजचा एक आकडा, एकही दिवस चुकलेला नाही. कपाटात अशा आणखी वह्या होत्या.

"कशासाठी गं हे?"

"असू दे ना. लिहिलेलं बरं असतं."

मी वही मिटून परत फ्रिजवर ठेवली. कारण मला ठाऊक होतं कशासाठी.

आता तो कागद कसला ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. दुसरी लाट विदर्भात आधी आली. आम्हा शिक्षकांना घरोघरी सर्वेक्षणाची ड्यूटी लागली. कपाळासमोर ताप मोजायची बंदूक धरायची, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावायचा आणि तक्त्यात भरायचं : घर नंबर, माणसं किती, ताप, ऑक्सिजन, खोकला. मला माझीच गल्ली आली होती. बारा नंबरचं घर आमचं. ज्या दिवशी मी बारा नंबर भरला त्या दिवशी माझ्या अंगात ताप होता, आदल्या दिवसापासून. दुसऱ्या दिवशी सकाळी मित्रा चौदा महिन्यांनी घरी येणार होती. ताप लिहिला असता तर दारावर कागद चिकटला असता आणि पोरीला दारातून परत फिरवावं लागलं असतं. मी एक गोळी घेतली आणि माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं : ९७.४. पुढच्या रकान्यात, ताप : नाही.

मित्रा आली. तिसऱ्या दिवशी तिचा घसा खवखवला. आठव्या दिवशी तिच्या बाबांना ताप भरला. दहाव्या दिवशी ती परत निघाली, कारण सिंगापूरनं परत यायला त्याच तारखेची परवानगी दिली होती आणि ती चुकली असती तर तिच्या नोकरीच्या पासचं काही खरं नव्हतं. "जा, साधा ताप आहे," तिचे बाबा म्हणाले. तिकडे उतरताच तिला चौदा दिवसांसाठी एका हॉटेलच्या खोलीत ठेवलं. त्यातल्या नवव्या दिवशी ते गेले.

सहा-सात महिन्यांनी वाटा उघडल्या तेव्हा ती आली. बाबांचे कागद आवरताना तिला माझ्या तक्त्याची झेरॉक्स सापडली. बारा नंबरवर बोट ठेवून म्हणाली, "बघ आई. मी यायच्या आदल्या दिवशी घर स्वच्छ होतं. मीच आणला."

मी तेव्हा भाजी चिरत होते. चिरत राहिले. ती परत गेली ती आजतागायत घरी आलेली नाही.

पाया लेबार

दोन दिवस तिनं मला हॉकर सेंटरात जेवायला नेलं. हॉकर सेंटर म्हणजे छपराखाली पन्नास टपऱ्या आणि मधे टेबलं. पहिल्याच दिवशी मी रिकामं टेबल बघून ऐसपैस बसले, तर एक चिनी आजोबा ताट घेऊन येऊन उभेच. मित्रा म्हणाली, "आई, ऊठ. तो टिश्यूचा पुडा दिसला नाही का? त्यांनी जागा धरलीय." घ्या! म्हणजे आपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतो तेच की हे. मला फार बरं वाटलं. म्हटलं, एवढं तरी आपल्यासारखं आहे. आजोबा हसले आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली. मित्रा नाही हसली. ती आता हसतच नाही. लहानपणी बापलेक मिळून माझ्या वर्गाच्या आवाजाची नक्कल करायचे.

तिसऱ्या दिवशी तिचं ऑफिस पाहिलं. एमआरटीनं, म्हणजे तिकडच्या मेट्रोनं, पाया लेबारला उतरायचं, एका मॉलमधून दुसऱ्या मॉलमध्ये शिरायचं आणि मधेच कुठे तरी ऑफिस. मला चहाच्या खोलीपर्यंतच परवानगी होती. तिथे तिनं लॅपटॉप उघडला.

आधी ती भाताच्या वाणांवर काम करायची. बाबा गेल्यावर ते सोडलं आणि हे धरलं : सातशे वर्षांपूर्वी अर्धा युरोप ज्यानं ओस पाडला, त्या प्लेगची वंशावळ. तिकडच्या सामूहिक कबरींतून निघालेल्या दातांत तो जंतू अजून ओळखता येतो म्हणे. दात तिकडेच राहतात, त्यातल्या जंतूच्या डीएनएची अक्षरं इकडे येतात, आणि माझी पोरगी ती जुळवून कोण कोणापासून निघाला ते मांडते. पडद्यावर एक झाड होतं, फांद्याच फांद्या.

"हे मूळ," ती बोट ठेवून म्हणाली. "मध्य आशियातल्या डोंगरात असावं. तिथे एका तळ्याकाठी कबरी आहेत, दगडांवरच कोरलंय की साथीनं मेले म्हणून."

"मी तर पोट्ट्यांना चीन सांगत होते."

"तुझ्या पुस्तकात तसं होतं."

"उंदीर तरी खरा का?"

"उंदीर खरा, पिसू खरी. पण काही लोक म्हणतात, एवढ्या वेगानं पसरायला उंदीर पुरत नाहीत. माणसाच्याच अंगावरच्या पिसवा आणि उवा पण असणार. एकाच्या कपड्यातून दुसऱ्याच्या. अजून भांडतायत."

"म्हणजे घरातल्या घरात."

"हो. जवळ झोपणाऱ्यांत. आजाऱ्याचं करणाऱ्यांत."

मी चहा ढवळत बसले. साखर घातलेली नव्हती, तरी ढवळत होते. शेवटी विचारलं, "भाताचं चांगलं चाललं होतं. हे कशाला घेतलंस गं?"

"कुणी आणलं ते शोधायचं होतं."

"सापडतं?"

"सातशे वर्षांपूर्वीचं सापडतंय हळूहळू." तिनं लॅपटॉप मिटला. "घरातलं तर सापडलेलंच आहे."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पर्स मांडीवर होती. मी म्हटलं, "चल, उशीर होईल." कशाला उशीर? कुठेही जायचं नव्हतं.

परतताना आम्ही बसनं आलो, मला बाहेरचं दिसावं म्हणून. एका चौकात तिनं उंच इमारत दाखवली. "ते हॉटेल. सतरावा मजला." मी मान वर केली. सगळ्या खिडक्या सारख्या होत्या. ती खिडकी उघडत नव्हती, असं तिनं सांगितलं. जेवण दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवून जायचे, बेल वाजवायचे, आणि ती दार उघडेपर्यंत माणूस गेलेला असायचा. तिचे बाबा गेल्यावर त्यांना महापालिकेच्या माणसांनी नेलं, मी लांबून पाहिलं. भन्तेजींनी फोनवरून त्रिशरण-पंचशील दिलं आणि ती त्या खोलीच्या गालिच्यावर हात जोडून एकटी बसली होती. फोनच्या चौकोनात मला तिचं कपाळच तेवढं दिसत होतं. जुन्या काळी बंदरांनी जहाजं चाळीस दिवस बाहेर थांबवायला सुरुवात केली, त्या चाळीसवरून क्वारंटाइन शब्द आला, हे मी दरवर्षी मोठ्या कौतुकानं सांगायची. पोरं पाठ करायची. चाळीस दिवस जहाजात बसलेल्या माणसाचं काय होत असेल हे एकाही वर्षी सांगितलं नाही. मलाच माहीत नव्हतं.

पुन्हा टॅम्पिनीस, रविवार

मित्राच्या इमारतीपलीकडे निखिल आणि रसिका राहतात. दोघंही पुण्याचे, आयटीतले, सालस. महिन्यातल्या एका रविवारी तिथे आठ-दहा मराठी माणसं जमतात. इतिहासाच्या बाई आल्यात म्हटल्यावर माझं भाषण ठेवलं. विषय मित्राच्या कामावरून त्यांनीच काढला : मध्ययुगातली प्लेगची साथ. रसिकानं पोहे केले होते. वर ओतायची झणझणीत तर्री विचारली तर म्हणाली, "म्हणजे काय हो काकू?" पुण्याच्या लोकांना पोह्यावर फक्त खोबरं समजतं. असो.

मी उभी राहिले आणि बत्तीस वर्षांची सवय तोंडात आली. कारणे, प्रसार, परिणाम. पाच गुणांचा प्रश्न. कारणं : जंतू, पिसू, उंदीर. प्रसार : व्यापारी वाटा, काळ्या समुद्रावरची बंदरं, तिथून धान्य आणि रोग दोन्ही घेऊन निघालेली जहाजं, इटलीचा किनारा, मग आत आत. लोकांना वाटे हवा बिघडली, ग्रह बिघडले, देव कोपला. वैद्य पळाले, काही पाद्री पळाले, बापानं मुलाला टाकलं असंही लिहून ठेवलेलं आहे. परिणाम : शेतं पडीक, मजूर मिळेनात, मिळाले त्यांनी मजुरी जास्त मागितली, की लगेच मालकांनी कायदे करून त्यांचं तोंड दाबलं. आणि सगळ्यात वाईट, दोष कुणावर? यहुद्यांवर. विहिरीत विष टाकलं म्हणून. वस्त्याच्या वस्त्या जाळल्या.

इथे माझा आवाज चढतो, नेहमी. "विहीर बाटवली हा आरोप आमच्या आजा-पणजांना नवा नव्हता," मी म्हटलं. "साथ आली की गाव आधी वेशीबाहेर बोट दाखवतं. कारण घरात बोट दाखवायला छाती लागते."

बोललं गेलं. आणि बोलता बोलता मी मित्राकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून बसली होती.

निखिलची मुलगी इरा, नऊ वर्षांची, पोह्यातले शेंगदाणे वेचत ऐकत होती. तिनं शाळेत करतात तसा हात वर केला. "आजी, बट हू ब्रॉट इट फर्स्ट? घरात कोणी आणलं?"

"ते सांगता येत नाही बाळा."

"मस्ट हॅव समवन लाह," ती तिकडच्या हेलात म्हणाली. "कोणीतरी खोटं बोललं असणार. सिक असेल तर टीचरला सांगायचं असतं ना."

सगळे हसले. "बरोबर आहे गं तुझं," कुणीतरी म्हणालं. मीही हसले. दात दाखवले नुसते. त्या इटलीतल्या एका शहरात आजाऱ्याचं घर बाहेरून चिणून टाकत, आतल्या धडधाकट माणसांसकट. म्हणून लोक आजारी लपवत. हे माझ्या टिपणात होतं आणि मी ते गाळलं होतं. पाच गुणांच्या उत्तरात हे कारण कधीच नसतं.

मित्रा उठून पाणी प्यायला आत गेली ती बराच वेळ आली नाही.

पुलाउ उबीन

शेवटच्या आधीच्या दिवशी मित्रानं सुट्टी काढली आणि मला बेटावर नेलं. उबीन बेट. चांगीच्या धक्क्यावरून लाकडी बोट, तिला बंबोट म्हणतात. बारा माणसं जमल्याशिवाय नावाडी बोट सोडत नाही, आमच्याकडच्या काळी-पिवळी जीपसारखं. ते बघून मी खूश झाले. पंधरा मिनिटांत पलीकडे. पत्र्याची घरं, खांबांवर उभी असलेली घरं, सायकली भाड्यानं देणारे, नारळ. सिंगापूर आधी असं होतं म्हणे. बरीच घरं बंद, पायऱ्यांवर वेल चढलेले. एक म्हातारी मलय बाई शहाळी विकत होती. तिनं शहाळं फोडून माझ्या हातात दिलं, मित्राकडे बोट दाखवून मला विचारलं, "डॉटर?" मी मान हलवली. "गुड," म्हणाली. "माय चिल्ड्रन, ऑल दॅट साइड." आणि समुद्रापलीकडच्या इमारतींकडे हात केला.

मला सायकल येत नाही, म्हणून चालत निघालो. पुढे एका झाडाखाली दशम्या सोडल्या. नागपूरहून आणलेली शेंगदाण्याची चटणी होती. पहिला घास घेतला नाही तोच झुडपातून एक रानडुकरीण बाहेर आली, मागे तीन पिल्लं. आम्ही ताडकन उभ्या. डुकरीण सरळ पिशवीकडे. दशम्या गेल्या, चटणीचा डबा गेला. मग तिनं माझी पर्स धरली.

"आई, सोड!"

"नाही सोडत!"

"अगं चावेल ती! सोड ती पर्स!"

मी एका बाजूनं ओढते आहे, डुकरीण दुसऱ्या बाजूनं. बत्तीस वर्षांचा आवाज काढून मी ओरडले, "ए! चल! बाहेर उभी राहा!" आणि काय आश्चर्य, तिनं पर्स सोडली आणि पिल्लं घेऊन चालती झाली. मित्रा आधी बघत राहिली आणि मग हसायला लागली. पोट धरून, खाली बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "बाहेर उभी राहा!" माझ्याच आवाजात म्हणाली. अगदी बाबांसारखी. तिनं माझ्या मोबाईलवर तो फोटो काढला, पाठमोऱ्या डुकरिणीचा. हसताना हात हलला.

चार वर्षांनी मी तिचं हसू पाहत होते. वाटलं, नको सांगायला. हे एवढं घेऊन परत जाऊ. जन्मभर पुरेल.

"एवढं काय आहे गं पर्समध्ये?" तिनं डोळे पुसत विचारलं. "सोनं आणलंस की काय?"

मी कागद काढला. कोपऱ्याला डुकराची लाळ लागली होती. तिनं लांबूनच ओळखला, हसू गेलं.

"हा कशाला आणलास इथे?"

"मित्रा, तो खोटा आहे."

"काय खोटं आहे?"

"बारा नंबर. मला त्या दिवशी ताप होता. आदल्या दिवसापासून. मी गोळी घेतली आणि सत्त्याण्णव पॉइंट चार लिहिलं."

ती कागदाकडे पाहत राहिली. मी बोलत सुटले. दारावर कागद लागला असता, चौदा महिन्यांनी येत होतीस, तुझ्यासाठी गाजरं किसून ठेवली होती, वाटलं साधाच ताप आहे, उन्हात गल्ली फिरल्याचा. सगळं खरं होतं आणि एकही वाक्य कामाचं नव्हतं.

"बाबांना माहीत होतं?" तिनं विचारलं.

"नाही."

"त्यांच्या शेजारीच झोपत होतीस ना तू?"

"हो."

"विमानतळावर मला जवळ घेतलंस."

"हो."

ती उभी राहिली. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. "कुणाकडून कुणाला हे आता कुणालाच सांगता येणार नाही, आई. मला विमानातही लागला असेल. तुझा ताप दुसराच असेल. पण नक्की नाही, एवढं तरी मला माहीत असतं. मी चार वर्षं नक्की धरून जगले. तुझ्या एका आकड्यावर."

"चुकलं माझं."

"मी झोपत नाही आई. माहीत आहे तुला? बाबांचा आवाज ऐकू येतो मला, जा म्हणतात, साधा ताप आहे."

आणि मग, आता थांबवलं तर पुन्हा कधीच जमणार नाही म्हणून, मी उरलेलंही काढलं. तिच्या बाबांना अ‍ॅम्ब्युलन्समध्ये घालताना त्यांनी माझं मनगट धरलं होतं. तोंडावरच्या मास्कमधून नीट कळत नव्हतं, म्हणून दोनदा बोलले. म्हणाले, "मित्राला सांग, तुझ्यामुळे नाही." माणूस मरायला टेकला होता आणि पोरगी स्वतःला खाईल हे त्याला कळलं होतं.

"हे ते बोलले?" तिचा आवाज बारीक झाला. "माझ्यासाठी?"

"हो."

"आणि तू सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, मग कुणामुळे."

मला रडू आलं नाही. लाज वाटली, नुसती लाज. इतकी की त्या झाडाखालून उठून कुठे जावं ते कळेना. मित्रा माझ्याकडे असं पाहत होती जसं वर्गात कॉपी सापडलेल्या पोराकडे मी पाहायची. मग ती वळली आणि धक्क्याकडे चालायला लागली. मी मागून. पाऊलभर अंतर कमी करायची हिंमत झाली नाही.

परतीच्या बोटीसाठी दहाच माणसं होती. नावाडी थांबला. आम्ही त्या अनोळखी लोकांत वीस मिनिटं शेजारी शेजारी बसून होतो, आणखी दोघं कधी येतात याची वाट बघत. डोक्यावरून एकामागून एक विमानं उतरत होती. मलय म्हातारीनं लांबून हात हलवला. मी हलवला. मित्रानं नाही.

चांगी

शेवटच्या दिवशी सकाळी तिनं ताप मोजला आणि वहीत लिहिला. स्वतःचाच. थर्मामीटर माझ्याकडे आला नाही. बॅग तिनंच उचलली, चेक-इन तिनंच केलं, पाण्याची बाटली घेऊन दिली, गोळ्या कधी घ्यायच्या ते सांगितलं. काही म्हणजे काही कमी केलं नाही. तेच सोसवत नव्हतं.

आत जायच्या दारापाशी ती म्हणाली, "तो कागद दे."

"कशाला?"

"दे."

दिला. तिनं तो बॅगेत, लॅपटॉपच्या कप्प्यात ठेवला. मी दोन्ही हात पुढे केले होते, ते तसेच राहिले. "जयभीम, आई," ती म्हणाली, ऑफिसातल्या माणसाला म्हणावं तसं, आणि मी आत जाईपर्यंत तिथेच उभी राहिली. मी वळून पाहिलं तेव्हा ती फोनकडे पाहत होती.

नागपूर

महिना झाला. पूर्वी दर रविवारी तिचा फोन यायचा. आता येत नाही. मी लावला तर कामात आहे असा मेसेज येतो, आणि तो अगदी नीट, पूर्णविरामासकट लिहिलेला असतो. मला वाटलं होतं, तिच्या डोक्यावरचं ओझं उतरवून माझ्यावर घेईन. तसं होत नाही. तिच्याकडचं तिच्याकडेच राहिलं आणि वरून आई गेली. शिवाय बाबांचा तो निरोप चार वर्षं शिळा होऊन पोचला. तो वेळेवर पोचला असता तर ती घरी आली असती, भातावर काम करत असती, रात्री झोपत असती. हे मी रोज मोजते.

परवा दुपारी कुकर लावला होता. मेसेज वाजला. मित्राचा. एकच ओळ.

"त्या दिवशी खरा आकडा किती होता?"

मी गॅस बंद केला आणि खुर्चीवर बसले. आकडा मला पाठ आहे. त्या दिवशी बारा नंबर भरण्याआधी, मोरीत दार लावून मी दोनदा मोजला होता.

बोटांनी आधी शंभर लिहिलं. मी ते वाचलं. आजसुद्धा, पोरीला, शंभर. खोडलं आणि लिहिलं : १०१.६.

दोन निळ्या खुणा उमटल्या. पुढे काही आलं नाही.